वैऱ्याने जिवंत ठेवलेला कालवा

‘रेल्वे आली आणि कालवे मेले’ हे वाक्य आपण इतक्या वेळा वाचलेलं असतं की त्याला उलटा प्रश्न विचारावा असं वाटतच नाही. अमेरिकेतल्या चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या तारखा मात्र या वाक्यात बसत नाहीत. वॉशिंग्टनला लागून असलेल्या जॉर्जटाउनपासून पोटोमॅक नदीच्या काठाकाठाने कंबरलँड या डोंगरातल्या गावापर्यंत जाणारा हा कालवा. त्याची प्रतिस्पर्धी रेल्वे कंबरलँडला पोहोचली १८४२ मध्ये. कालवा पोहोचला १८५० मध्ये, म्हणजे आठ वर्षं उशिरा. आणि कालव्याच्या भरभराटीचं सर्वांत मोठं वर्ष होतं १८७५! त्या एका वर्षात जवळपास पावणेदहा लाख टन माल त्यावरून गेला.

शर्यत हरल्यानंतर ३३ वर्षांनी कालवा जोरात का होता? आणि इतका जोरात होता तर मग बुडाला कसा? माझ्या मते या दोन्ही प्रश्नांची उत्तरं इंजिनाच्या वेगात शोधली तर हाती फारसं काही लागत नाही. ती नदीकाठच्या जमिनीत, न्यायालयाच्या निकालांत आणि कर्जरोख्यांच्या कागदांत सापडतात.

आधी मुळात कालवा का हवा होता ते पाहू. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची शहरं आणि आतला सुपीक, खनिजांनी भरलेला पश्चिमेचा मुलूख यांच्यामध्ये ॲपलाचियन डोंगररांगा आडव्या पडल्या आहेत. डोंगरापलीकडचं धान्य आणि कोळसा बैलगाडी-घोडागाडीने अलीकडे आणायचा तर भाडं मालाच्या किमतीवर जायचं. पोटोमॅक नदी या डोंगरांतून वाट काढत येते, तेव्हा तिलाच रस्ता करावा, ही कल्पना जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या डोक्यात राष्ट्राध्यक्ष होण्याआधीपासून होती. १७८५ मध्ये स्थापन झालेल्या पोटोमॅक कंपनीचे ते पहिले अध्यक्ष. या कंपनीने धबधब्यांना वळसा घालणारे छोटे छोटे कालवे खोदले, बाकी वाहतूक नदीतूनच. पण नदी कधी कोरडी, कधी पुराने फुगलेली. वर्षातले थोडेच दिवस नावा चालायच्या. कंपनी कर्जात रुतली. तिचं एक कागदी वारसापत्र मात्र पुढे फार महत्त्वाचं ठरलं, त्याकडे येऊच.

१८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने ईरी कालवा पूर्ण केला. ३६३ मैल लांबीचा. त्याने बफेलो ते न्यूयॉर्क मालवाहतुकीचा दर टनामागे सुमारे १०० डॉलरवरून १० डॉलरच्या आसपास आणला, असं सांगितलं जातं. पश्चिमेचा सगळा व्यापार न्यूयॉर्क गिळणार हे दिसताच बाकीच्या बंदरांची झोप उडाली. वॉशिंग्टनकरांनी ठरवलं, आपणही पोटोमॅकच्या काठाने सलग कालवा खोदायचा, थेट ओहायो नदीपर्यंत. बाल्टिमोरच्या व्यापाऱ्यांची मात्र पंचाईत झाली. कालवा जॉर्जटाउनला उतरणार, म्हणजे व्यापार त्यांच्या हातून जाणार. बाल्टिमोरपर्यंत फाटा काढणं अवघड आणि खर्चिक. मग त्यांनी १८२७ मध्ये, कोणाचाच पुरेसा अनुभव नसलेल्या एका गोष्टीवर पैसा लावला. ती गोष्ट म्हणजे रेल्वे.

४ जुलै १८२८ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, दोन्ही कामांचा मुहूर्त झाला. कालव्याच्या बाजूला खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स कुदळ-फावड्याच्या समारंभाला हजर होते. त्यांचं फावडं झाडाच्या मुळावर आपटलं. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी अंगातला कोट काढून ठेवला आणि जोर लावून माती उकरली, तेव्हा जमावाने जल्लोष केला. त्याच दिवशी तिकडे बाल्टिमोरमध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसवला नव्वद वर्षांच्या चार्ल्स कॅरल यांनी. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी तेवढे एकटेच हयात होते. दोन्ही कंपन्यांच्या नावात ओहायो, दोघींचं लक्ष्य ओहायो नदी.

आज मागे वळून बघताना ॲडम्स जुन्या जगाच्या बाजूला आणि कॅरल नव्या जगाच्या बाजूला उभे होते असं वाटतं. १८२८ मध्ये तसं अजिबात नव्हतं. इंग्लंडमधल्या रेनहिल येथे स्टीफन्सन यांच्या ‘रॉकेट’ इंजिनाने चाचणी जिंकली ती १८२९ च्या ऑक्टोबरात. बाल्टिमोरच्या रेल्वेने १८३० मध्ये पहिले १३ मैल सुरू केले तेव्हा डबे घोडे ओढत होते. पीटर कूपर यांचं ‘टॉम थंब’ हे छोटं इंजिन त्याच वर्षी घोड्याशी शर्यत लावून हरलं, कारण त्याचा पट्टा निसटला, अशी कथा प्रसिद्ध आहे. तेव्हाचा शहाणा गुंतवणूकदार कालव्यातच पैसे टाकणार. केंद्र सरकारने १० लाख डॉलरचे भाग घेतले, वॉशिंग्टन शहरानेही तेवढेच घेतले.

आणि त्यामागे पक्कं गणित होतं. कच्च्या रस्त्यावर घोडा जेमतेम टनभर माल ओढतो. रुळांवर तोच घोडा त्याच्या कित्येक पट ओढतो. पण संथ पाण्यात तरंगणारी नाव असेल तर पन्नास टनांचं ओझंही त्याला जड जात नाही, कारण हळू चालणाऱ्या नावेला पाण्याचा विरोध फारच कमी असतो. मेख ‘हळू’ या शब्दात आहे. नावेचा वेग वाढवला की पाण्याचा विरोध झपाट्याने वाढतो. शिवाय लाटा उठून कालव्याचे मातीचे काठ ढासळतात. म्हणून या कालव्यावर वेगाला ताशी चार मैलांची मर्यादाच होती, आणि भरलेली नाव तेवढ्यानेही जात नसे. रुळांचं उलट आहे. तिथे सुरुवातीचा विरोध पाण्याहून जास्त, पण वेग वाढला तरी तो तितका चढत नाही. थोडक्यात, माल जड असेल आणि घाई नसेल तर पाणी. घाई असेल तर रूळ. प्रवासी, टपाल, लोणी रेल्वेने जाणार हे उघड आहे. दगडी कोळशाला कसली घाई?

आता चढाचा प्रश्न. पाणी चढ चढत नाही. जॉर्जटाउन ते कंबरलँड उंचीत ६०५ फुटांचा फरक आहे. तो ७४ लॉकनी पार केला. लॉक म्हणजे पाण्याचा जिना. दगडात बांधलेली अरुंद पेटी, तिच्या दोन्ही टोकांना भक्कम दरवाजे. नाव खालून आत आली की मागचं दार लावायचं आणि वरच्या दारातल्या झडपा उघडायच्या. वरचं पाणी आत येतं, नाव त्याच्याबरोबर उचलली जाते, दोन्हीकडची पातळी एक झाली की पुढचं दार उघडून वाट मोकळी. एका लॉकमध्ये सरासरी आठ फूट चढण. पेटी १०० फूट लांब, १५ फूट रुंद, आणि नावा ९२ फूट लांब, साडेचौदा फूट रुंद. दोन्ही बाजूंना काही इंचांची फट राहायची. वर चढणारी असो की खाली उतरणारी, प्रत्येक खेपेला तीन-साडेतीन लाख लिटर पाणी वरून खाली निघून जातं. ते भरून काढायला नदीवर जागोजागी बंधारे घालून पाणी कालव्यात वळवावं लागायचं. त्यामुळे कालवा नदीपासून लांब नेता येत नव्हता. या एका अडचणीतून पुढचं बरंच काही घडलं.

बारा मैलांची पट्टी

मेरीलँडमध्ये पॉइंट ऑफ रॉक्स नावाची जागा आहे. इथे कॅटॉक्टिन डोंगराचा कडा थेट पोटोमॅकला येऊन भिडतो. डोंगर आणि नदी यांच्यामध्ये उरते ती जेमतेम एक चिंचोळी पट्टी. इथून नदीकाठच्या हार्पर्स फेरी या गावापर्यंतच्या सुमारे बारा मैलांत हीच अवस्था. एक कालवा किंवा एक रेल्वे, दोन्ही नीट मावत नाहीत. जो आधी बसेल तो पश्चिमेचा दरवाजा अडवेल, हे दोन्ही कंपन्यांना ठाऊक होतं.

म्हणून खोदकाम राहिलं बाजूला, दोघीही न्यायालयात धावल्या. मनाई हुकूम, त्यावर उलट मनाई हुकूम. १८२८ ते १८३१ अशी जवळपास चार वर्षं त्या पट्टीवर कोणालाच पुढे जाता आलं नाही. जानेवारी १८३२ मध्ये मेरीलँडच्या अपील न्यायालयाने निकाल दिला, कालव्याच्या बाजूने. आधार कोणता? पोटोमॅक कंपनीचे जुने हक्क. वॉशिंग्टन यांच्या त्या बुडीत कंपनीला नदीकाठाचा अग्रहक्क मिळालेला होता, आणि तिची वारस म्हणून तो चेसापीक अँड ओहायो कालव्याकडे आला होता. म्हणजे पहिली मोठी लढाई कालव्याने जिंकली, तीही एका मेलेल्या कंपनीच्या कागदावर.

कालव्याच्या संचालकांना बहुधा वाटलं असेल, सुटलो. पण मेरीलँड राज्याचा पैसा दोन्हीकडे अडकला होता. बाल्टिमोरच्या व्यापाऱ्यांचं विधिमंडळात वजन होतं आणि कालव्याला तर सतत पैसे हवेच होते. १८३३ मध्ये तडजोड झाली: रेल्वेने कालव्याचे भाग विकत घ्यायचे आणि त्या बदल्यात कालव्याने तिला हार्पर्स फेरीपर्यंत शेजारून जाऊ द्यायचं. रेल्वे १८३४ अखेर तिथे पोहोचली, मग पूल बांधून नदीपलीकडे व्हर्जिनियात शिरली आणि तिकडून पश्चिमेला निघाली. कालव्याने जिंकलेला निकाल वर्षभरात पैशासाठी सोडून दिला. या कथेत पुढे जे जे घडतं त्याचा नमुना इथेच आहे.

बावीस वर्षांचं खोदकाम

खर्चाचे अंदाज सुरुवातीपासून हेलकावे खात होते. १८२६ मध्ये सैन्याच्या अभियंत्यांनी ओहायोच्या खोऱ्यापर्यंतच्या कालव्याला २ कोटी २० लाख डॉलर लागतील असं सांगितलं, तेव्हा सगळे हादरले. मग दुसरे अभियंते नेमून फक्त कंबरलँडपर्यंतचा नवा अंदाज काढून घेतला: सुमारे ४५ लाख. तो ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. न आवडणारा आकडा आला की आवडणारा आकडा सांगणारा माणूस शोधायचा, ही रीत किती जुनी आहे बघा. प्रत्यक्षात कंबरलँडपर्यंतच खर्च १ कोटी १० लाखांच्या वर गेला, म्हणजे मैलामागे साधारण ६० हजार डॉलर.

पैसे गेले कुठे? जमिनीचे भाव वाढले. मजूर मिळेनात. आयर्लंडहून माणसं आणली. १८३२ च्या उन्हाळ्यात कॉलरा आला, तेव्हा जिवंत राहिलेले काम टाकून पळाले. आयर्लंडच्या वेगवेगळ्या भागांतून आलेल्या मजुरांच्या टोळ्यांमध्ये मारामाऱ्या होत, आणि त्याच्या मुळाशी मजुरी थकणं, काम कोणाला मिळणार याची भीती असं बरंच काही असायचं. जानेवारी १८३४ मध्ये प्रकरण इतकं पेटलं की राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी तिथे सैन्य पाठवलं. कामगारांच्या तंट्यात अमेरिकेच्या केंद्र सरकारने सैन्य वापरण्याची ही पहिली वेळ मानली जाते.

आणि पॉ पॉ बोगदा. कंबरलँडच्या अलीकडे पोटोमॅक नदी नागमोडी वळणं घेते. त्या वळणांच्या काठाने कालवा न्यायचा तर सुमारे सहा मैल जास्त आणि कडेही उभे. म्हणून डोंगर फोडून ३,११८ फुटांचा, म्हणजे साधारण ९५० मीटरचा, सरळ बोगदा काढायचं ठरलं. कंत्राटदार ली माँटगोमेरी. सुरुवात १८३६ मध्ये, मुदत दोन वर्षांची, अंदाज ३३,५०० डॉलरचा. दिवसाला सात-आठ फूट पुढे सरकू असा हिशेब होता. आतला ठिसूळ खडक कोसळत राहिला, त्यामुळे छताला विटांचं अस्तर करावं लागलं. सुमारे ६० लाख विटा त्यात गेल्या. मजुरांचे पगार थकले, कंत्राटदार कर्जबाजारी झाला, काम मध्येच कित्येक वर्षं बंद पडलं. बोगदा वापरात आला १८५० मध्ये, चौदा वर्षांनी. खर्च सहा लाख डॉलरच्या वर.

हे बंद पडणं फक्त बोगद्यापुरतं नव्हतं. १८३६ मध्ये मेरीलँडने एका कायद्याने ८० लाख डॉलर अशा कामांसाठी मंजूर केले होते, त्यातले ३० लाख कालव्याला आणि ३० लाख रेल्वेला. एकमेकांचा गळा धरलेल्या दोन कंपन्यांना सारखीच रक्कम देणाऱ्या त्या विधिमंडळाचं मला अजूनही नवल वाटतं. लगेच १८३७ ची आर्थिक मंदी आली. राज्याचे रोखे लंडनच्या बाजारात विकले जाईनात. १८४२ मध्ये मेरीलँडला कर्जाचं व्याजसुद्धा देता आलं नाही. कालवा १८३९ मध्येच हॅनकॉक या गावाच्या वर, साधारण १३४ मैलांपर्यंत आला होता. उरलेल्या पन्नास मैलांना अकरा वर्षं लागली.

हा उशीर नेमका कोणत्या काळात झाला ते महत्त्वाचं आहे. १८२८ मध्ये घोड्याने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेशी कालव्याची स्पर्धा होती. १८५० मध्ये समोर वाफेची इंजिनं होती. १० ऑक्टोबर १८५० रोजी कंबरलँडला कोळशाच्या पहिल्या नावा सुटल्या, तेव्हा ओहायोपर्यंत जाण्याची भाषा कोणी करत नव्हतं. रेल्वे १८५२ च्या अखेरीस व्हीलिंगला, ओहायो नदीवर, पोहोचली सुद्धा. कालव्याच्या नावातलं ओहायो नावातच राहिलं.

मग पंचाहत्तरची भरभराट कशी?

कंबरलँडच्या वर जॉर्जेस क्रीक नावाचं खोरं आहे. तिथला दगडी कोळसा उत्तम प्रतीचा, जहाजांच्या बॉयलरना आणि भट्ट्यांना हवाहवासा. घाई नसलेला, जड, स्वस्त, न नासणारा माल. कालव्यासाठी याहून चांगलं गिऱ्हाईक असूच शकत नव्हतं. उत्तर-दक्षिण राज्यांमधल्या यादवी युद्धात कालव्याने खूप सोसलं. दक्षिणेच्या सैन्याने बंधारे फोडायचे प्रयत्न केले, कालव्याला उपनदीवरून पलीकडे नेणारा पूल, म्हणजे सात कमानींचा मोनोकसी जलसेतू, उडवून द्यायचाही प्रयत्न केला. पण त्या दगडात सुरुंगासाठी भोकं पाडणं त्यांना जमलं नाही. युद्ध संपल्यावर कारखाने वाढले, कोळशाची मागणी वाढली, आणि १८७० च्या दशकात कालव्यावर पाचशेच्या वर नावा होत्या. प्रत्येकीवर ११०-१२० टन.

नावेवर बहुतेक वेळा एक अख्खं कुटुंब असे. पुढच्या भागात खेचरांचा तबेला, मागे राहण्याची खोली. खेचरांच्या दोन जोड्या, एक काठावरच्या वाटेवरून ओढते आहे आणि दुसरी नावेत विसावा घेते आहे. सहा-सहा तासांची पाळी. खेचरांमागून चालायला अनेकदा घरातली मुलंच. लहान पोरं पाण्यात पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवत. लॉकवाल्याला कंपनीने लॉकशेजारी छोटं घर दिलेलं, आणि नाव रात्री दोनला आली तरी उठून दार उघडायचं. कंबरलँडहून जॉर्जटाउनला चार-पाच दिवस लागत. मग तो कोळसा जहाजांवर चढवायचा.

या ‘मग चढवायचा’मध्ये कालव्याचा एक मोठा तोटा होता. रेल्वेचे डबे बाल्टिमोरच्या खोल बंदरात थेट धक्क्यापर्यंत जात. कालव्याचा माल जॉर्जटाउनला उतरवून पुन्हा भरावा लागे. हिवाळ्यात पाणी गोठे, तेव्हा दोन-तीन महिने कालवा रिकामा करून ठेवत. त्या काळात पगार आणि दुरुस्त्या चालू, उत्पन्न शून्य. मस्करॅट नावाचे पाणउंदीर काठ पोखरत, तिथून पाणी फुटे आणि एका भगदाडापायी सगळी वाहतूक खोळंबे. आणि गंमत म्हणजे खाणीतला कोळसा कालव्यापर्यंत यायचा तो छोट्या रेल्वेमार्गांनी. पुढे खाणींच्या मोठ्या कंपनीत बाल्टिमोर अँड ओहायोचेच पैसे गुंतले, म्हणजे कालव्याचं गिऱ्हाईकही वैऱ्याच्या हातात गेलं.

तरीही मला सर्वांत निर्णायक वाटते ती लॉकची रुंदी. पंधरा फूट. १८२८ च्या सुमाराला ठरलेली ही रुंदी १८५० मध्येही तीच आणि १९२० मध्येही तीच. नाव १२० टनांची, ती कधीच दीडशे टनांची होणार नाही. नाव मोठी करायची तर ७४ लॉक, ११ जलसेतू आणि एक बोगदा पाडून पुन्हा बांधावे लागतील. रेल्वेला असं बंधन नव्हतं. लोखंडी रूळ जाऊन पोलादी आले, इंजिनं वजनदार झाली, डबे वाढले, आणि हे सगळं गाड्या चालू ठेवून, तुकड्यातुकड्याने करता आलं. दरवर्षी रेल्वेला एक टन कोळसा नेण्याचा खर्च थोडा कमी येई. कालव्याचा येत नसे. १८७५ हा कालव्याचा कळस होता, कारण त्याच सुमाराला या दोन खर्चांच्या रेघा एकमेकींना छेदत होत्या.

१८७७ मध्ये नावाड्यांचा संप झाला, आणि नोव्हेंबरात मोठा पूर आला. त्याच वर्षी जुलैत बाल्टिमोर अँड ओहायोच्या कामगारांनी पगारकपातीविरुद्ध पुकारलेला संप देशभर पसरला होता. एकमेकांपेक्षा भाडं कमी करत जाण्याच्या या दरयुद्धाची किंमत दोन्हीकडच्या कामगारांनी मोजली. पुराची दुरुस्ती करायला कालव्याने १८७८ मध्ये नवे रोखे काढले. इथून कथेचा सूर बदलतो.

रोखे कोणाकडे, कालवा त्याचा

रोखा म्हणजे कर्जाची चिठ्ठी. भागधारक हा कंपनीचा मालक असतो, रोखेधारक हा सावकार. कंपनी चालू असते तोवर निर्णय मालकांचे. ती बुडाली की आधी सावकारांचं ऐकलं जातं, आणि सावकारांमध्येही रांग असते. कालवा पुरा करायला १८४४ च्या कायद्याने १७ लाख डॉलरचे रोखे निघाले होते, तेव्हा मेरीलँड राज्याने स्वतःचा हक्क मागे सारून या रोख्यांना पुढची जागा दिली होती. त्यानंतर आले १८७८ चे दुरुस्ती रोखे. कालव्याचा भाव घसरत गेला तसे हे दोन्ही प्रकारचे कागद स्वस्त झाले, आणि बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेने त्यांचा मोठा वाटा हळूहळू स्वतःकडे घेतला.

मे १८८९ च्या अखेरीस जे वादळ आलं त्याने पेनसिल्व्हेनियात जॉन्सटाउनचं धरण फुटून हजारो माणसं गेली. त्याच पावसाने पोटोमॅकही फुगली. कालव्याचे काठ वाहून गेले, लॉकघरं गेली, नावा शेतांत जाऊन पडल्या. नदीपासून लांब जाता न येणाऱ्या कालव्याला नदीने गाठलं. तिजोरीत दुरुस्तीला पैसा नव्हता. कंपनी बुडाली आणि प्रकरण न्यायालयापुढे गेलं.

आता रेल्वेने काय करावं असं तुम्हाला वाटतं? साठ वर्षांचा वैरी आडवा पडला आहे, त्याचे रोखे आपल्या हातात आहेत. विकून टाका, संपवा. पण कालवा विकला असता तर विकत कोण घेणार होतं? वेस्टर्न मेरीलँड रेल्वे. तिला कंबरलँडला जायचं होतं, आणि नदीकाठाने जाणारी १८४ मैलांची सपाट, सलग, कायदेशीर हक्काची पट्टी यासारखं घबाड दुसरं नव्हतं. खेचरांच्या वाटेवर रूळ टाकले की बाल्टिमोर अँड ओहायोला शेजारीच दुसरी रेल्वे प्रतिस्पर्धी म्हणून उभी. पॉइंट ऑफ रॉक्सच्या पट्टीसाठी चार वर्षं भांडलेली कंपनी ती पट्टी दुसऱ्याच्या घशात कशी जाऊ देईल?

म्हणून रेल्वेच्या बाजूने न्यायालयात मागणी झाली ती उलटी: कालवा विकू नका, विश्वस्त नेमा, आम्ही दुरुस्त करून चालवतो. न्यायालयाने अट घातली की ठरावीक मुदतीत कालवा कमाई करू शकतो हे दाखवा. १८९१ मध्ये पाणी पुन्हा वाहू लागलं. पुढे रेल्वेच्या पाठबळाने एक कंपनी निघाली आणि तिने वर्षाला एक लाख डॉलरच्या निव्वळ उत्पन्नाची हमी दिली. कागदावर कालवा फायद्यात. मुदत वाढत गेली. १९०२ च्या सुमारास कॅनॉल टोएज कंपनी आली, नावा कंपनीच्या मालकीच्या झाल्या. आधी नावांना माणसांची, गावांची नावं असत, आता त्यांच्यावर नुसते क्रमांक आले. स्वतंत्र नावाडी संपला. वेस्टर्न मेरीलँड रेल्वे १९०६ मध्ये कंबरलँडला पोहोचली खरी, पण नदी पुन्हा पुन्हा ओलांडत, पूल आणि बोगदे बांधत, भरपूर पैसा ओतून.

‘रेल्वेने कालवे मारले’ या वाक्याची इथे पुरती उलटापालट होते. १८९१ ते १९२४ ही ३३ वर्षं हा कालवा चालला तो रेल्वेला चालायला हवा होता म्हणून. उपकार म्हणून नव्हे, जागा अडवून ठेवायला.

१९२४ मध्ये पुन्हा पूर आला. तोवर वेस्टर्न मेरीलँडचे रूळ केव्हाच टाकून झाले होते, त्यामुळे अडवण्यासारखं काही उरलं नव्हतं. रेल्वेने पूर्ण दुरुस्ती केलीच नाही. जॉर्जटाउनच्या गिरण्यांना पाणी विकण्यापुरता खालचा तुकडा सांभाळला, बाकी कालवा झाडाझुडपांच्या हवाली. मग महामंदी आली आणि खुद्द बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच सरकारच्या कर्जाखाली आली. १९३८ मध्ये तिने हा कालवा २० लाख डॉलरला केंद्र सरकारला विकला आणि ती रक्कम सरकारी देण्यात वळती झाली. एक कोटी दहा लाखांचा कालवा अखेर रेल्वेच्या कर्जाचा एक हप्ता म्हणून कामी आला.

सरकारने खालचे २२ मैल दुरुस्त करून पाणी सोडलं. उरलेल्या पट्टीवरून मोटाररस्ता काढावा असा प्रस्ताव पुढे आला, आणि १९५४ मध्ये एका मोठ्या वर्तमानपत्राने त्याला अग्रलेखातून पाठिंबा दिला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना आव्हान दिलं: माझ्याबरोबर सगळा कालवा पायी चाला आणि मग बोला. त्या मार्चमध्ये ते कंबरलँडहून निघाले. बरोबर बरीच माणसं होती, शेवटपर्यंत पूर्ण चालत आले ते नऊच. वर्तमानपत्राने भूमिका सौम्य केली, रस्ता मागे पडला, आणि १९७१ मध्ये संपूर्ण १८४.५ मैल, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटरची पट्टी राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाली. खेचरांच्या वाटेवरून आता सायकलवाले जातात. पॉ पॉ बोगद्यातून चालत जायचं तर विजेरी न्यावी लागते. काठ मात्र नदीच्या कह्यातच आहेत: एकट्या १९९६ मध्ये दोनदा, जानेवारीत आणि सप्टेंबरात, पुराने ही वाट उखडली आणि दोन्ही वेळा ती दुरुस्त करावी लागली.